फिनेलच्या रेघेने साप अडत नाही

मृग लागला की खेड्यातल्या घराघरांत सापाचा बंदोबस्त सुरू होतो. उंबऱ्याबाहेर फिनेलची रेघ, खिडकीत डांबरगोळ्या, परसात गंधकाची पूड. कोणी तर ठेचलेला लसूणही टाकतं. सापाला उग्र वास सोसत नाही, हा त्यामागचा समज. सापाला वास उत्तम कळतो, यात शंका नाही. जिभेने टिपलेले कण तो टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतो. पण वास कळला म्हणून तो वाट सोडेलच असं नाही. डांबरगोळ्या आणि गंधक यांच्या चाचण्या झाल्या आहेत. साप त्यांवरून खुशाल निघून गेले. सापासाठी शिंपडलेल्या कार्बॉलिक अ‍ॅसिडने घरच्यांचीच कातडी भाजायची, आणि डांबरगोळी लहान मुलाने गिळली तर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

साप येतो तो भक्ष्यासाठी आणि आडोशासाठी. कणगीभोवती सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागे नाग. मोरीच्या ओलीला बेडूक असतात, दिव्याखालच्या किड्यांवर पाली. रातराणी आणि केवडा यांना आपण उगाच बदनाम केलंय. सापाला सुगंधाचं काही पडलेलं नसतं. केवड्याच्या बनात गारवा मिळतो, दडायला जागा मिळते, एवढंच.

तेव्हा फिनेलचे पैसे पत्र्याच्या कोठीत घालावेत. कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं ठेवू नये, खुराड्याला बारीक जाळी मारावी. सरपण, गोवऱ्या, जुनी कौलं, बांधकामातून उरलेल्या विटा हे सगळं आपण सवयीने घराच्या भिंतीलाच टेकवून रचतो. ते लांब हलवावं, आणि सरपण जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर ठेवावं. अशा ढिगाच्या आडोशाला येणारी घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते, तीही एका खेपेला वीस-तीस, कधी त्याहून जास्त. आणि हे साधारण पावसाच्या तोंडावरच. पिल्लूही जन्मापासून विषारी. त्यामुळे ढिगात हात घालून लाकूड ओढण्याआधी काठीने ढोसावं. कोकणात हीच काळजी गडग्याच्या दगडांशी घ्यावी लागते. फुरसं लहानखुरं असतं, मातीच्या रंगात मिसळून जातं, आणि चिडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, दाराखाली रबराची पट्टी, भिंतीतल्या भोकांना सिमेंट. मात्र भोक लिंपण्याआधी तोंडाशी पीठ भुरभुरून दोन-तीन दिवस खुणा पाहाव्यात, नाहीतर साप आत कोंडून मरायचा.

घरात शिरून माणूस मारणारा खरा साप मात्र मण्यार, आणि तिच्याविषयीच लोक सर्वांत बेसावध असतात. दिवसा ती सुस्त, रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावली तर पुष्कळदा दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही शोधाव्या लागतात. पहाटे पोटात दुखतं, घशाशी अडकल्यासारखं होतं, पापण्या वर उचलत नाहीत. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी असतो, पालींच्या मागे भिंतीवर चढतो. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, मानेकडे पट्टे नसल्यासारखे आणि शेपटीकडे स्पष्ट, बहुधा जोडीजोडीने. हा फरक लांबून, बॅटरीच्या उजेडात पाहायचा; खात्री नसेल तर मण्यारच समजायची.

तिच्यावरचा उपाय स्वस्त आहे: खाट, आणि कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. आग्नेय नेपाळच्या खेड्यांतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचं त्यात दिसलं. मच्छरदाणी लोंबकळत जमिनीला टेकली, तर मात्र तिचा उपयोग नाही.

उपाय करताना नकळत होणारी क्रूरताही टाळता येते. भाजीच्या वाफ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत साप अडकतो, सुटायच्या धडपडीत कापला जातो. त्याऐवजी ताठ, बारीक भोकांची लोखंडी जाळी लावावी. उंदरांसाठीच्या चिकट पुठ्ठ्यांवर साप आणि पाली दोन्ही हाल होऊन मरतात. उंदरांना घातलेलं विष घुबडापर्यंत पोचतं, म्हणजे उंदीर खाणाराच आपण संपवतो. पिंजरा बरा. धामण दिसली तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं. ती गाईचे पाय बांधून दूध पिते, ही निव्वळ कहाणी. दूध हे सापाचं अन्नच नाही.

साप डूख धरतो, हेही खोटं. त्याच जागी दुसरा साप निघतो, कारण उंदीर आणि आडोसा तसाच राहिलेला असतो. मारायला जाणं हाच दंशाचा एक ठरलेला रस्ता आहे, आणि तोडलेलं मुंडकंही काही वेळ चावू शकतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला संरक्षण आहे. घरात साप निघाला की मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढावं, एकाने लांबून नजर ठेवावी, आणि अनुभवी सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावं. स्वतः पकडायला जाऊ नये, फोटोसाठी तर नाहीच.

एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. त्यात मांत्रिकाकडे वाया गेलेल्या तासांचा मोठा वाटा आहे. मांत्रिकाचा गुण येतो तो साप बिनविषारी असला किंवा त्याने विष सोडलंच नाही म्हणून. दंश झालाच तर चिरा देऊ नये, दोरी आवळू नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, अवयव फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच चालते, आणि डॉक्टर ती लक्षणं पाहून देतात.