धुराड्यातला कर्ब आणि जमिनीचा प्रश्न

हवामानबदलावरचा उपाय म्हणून आज जी तंत्रे पुढे केली जातात, त्यांत वनस्पतीजन्य इंधन आणि कर्बसाठवण यांची सांगड घालणारे एक तंत्र आहे. विज्ञानाचे विद्यार्थी मला त्याचे सूत्र विचारतात. चळवळीतील कार्यकर्ते मात्र हा आपला विषय नव्हे, असे म्हणून बाजूला होतात. माझ्या मते तो आपलाच विषय आहे.

सूत्र सोपे आहे. झाड वाढताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषते. ते जाळले की तोच वायू परत हवेत जातो; म्हणजे हिशेब फार तर शून्यावर येतो. पण तो वायू धुराड्यातच रसायनात पकडला, दाबून दाट केला आणि ८०० मीटरहून खोल, वर अभेद्य खडकाचे झाकण असलेल्या सच्छिद्र खडकात सोडला, तर हवेतला कर्ब प्रत्यक्ष घटतो. ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यातला सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडला गेला.

परंतु कागदावर जुळणारा हिशेब जमिनीवर तसाच जुळत नाही. झाड घटकाभरात जळते, त्याच्या जागी दुसरे वाढायला दशके लागतात. लाकूड वाळवायला, वाहून न्यायला, वायू पकडायला पुन्हा ऊर्जाच लागते. आणि सर्वांआधी लागते ती जमीन.

ब्रिटनमधील ड्रॅक्स वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळायला घेतल्या. २०१९ मध्ये तेथे वायू पकडण्याचे प्रयोगही सुरू झाले. या कंपनीचा गोळ्यांचा एक कारखाना अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील ग्लॉस्टर गावी आहे. वस्ती बहुसंख्य काळ्या लोकांची. मर्यादेबाहेर प्रदूषक वायू सोडल्याबद्दल राज्याने २०२० साली या कारखान्याला २५ लाख डॉलर दंड केला. ब्रिटनच्या हिशेबवहीत वीज स्वच्छ. धूळ ग्लॉस्टरच्या वाट्याला! १९७२ मध्ये ज्यांच्या लढ्यावरून आपण 'पँथर' हे नाव घेतले, त्यांच्याच समाजाची ही वस्ती आहे.

आपल्याकडे १९५९ आणि १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. उद्या इंधनाची पिके घ्यायला जमीन हवी झाली, तर 'पडीक' म्हणून प्रथम बोट गायरानाकडेच वळेल. तेथून सरपण आणणारी, तेथे पोटापुरते पिकवणारी घरे कोणाची, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून विज्ञान नाकारावे, असे मी म्हणत नाही. साखर कारखान्यात उसाचे चिपाड आजही जळते. त्याचा धूर पकडायला नवी जमीन लागणार नाही. पण तेथेही ऊसतोड मजुराचा वाटा किती, हे विचारावेच लागेल. कर्ब किती टन गाडला, या आकड्याशेजारी जमीन कोणाची गेली आणि धूळ कोणी खाल्ली, हे दोन रकाने आपणच आखले पाहिजेत. दुसरे कोणी ते आखणार नाही.