ताल-खेळातील लेव्हल-रचना : काठिण्य आणि न्याय्यता

प्रस्तावना : संगीताच्या ठोक्याशी खेळाडूची कृती जुळवणारे संगणकीय खेळ 'रिदम गेम' म्हणून ओळखले जातात. डीन हर्बर्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'ओसू!' हा त्यांपैकी एक महत्त्वाचा खेळ होय. यातील लेव्हल, म्हणजेच 'बीटमॅप', प्रामुख्याने खेळाडूच तयार करतात. त्यामुळे नवशिका रचनाकार कसा घडतो, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

कालमापन : गीताची गती व पहिल्या ठोक्याचा नेमका क्षण निश्चित करणे ही पहिली पायरी होय. मिनिटाला १८० ठोके असलेल्या गीतात दोन ठोक्यांतील अंतर सुमारे ३३३ मिलिसेकंद असते. हीच गती चुकून १८१ धरल्यास अर्ध्या मिनिटात अर्ध्या ठोक्याची तफावत पडते. अशा वेळी अचूक कान असलेला खेळाडूही चुकीचा ठरतो.

ध्वनींची निवड : ऐकू येणाऱ्या प्रत्येक ध्वनीवर वर्तुळ ठेवण्याचा मोह नवशिक्यास होतो. जाणकार रचनाकार गायन किंवा तालवाद्य यांपैकी एकास प्राधान्य देतो व ओळ पूर्ण होईपर्यंत ते सहसा बदलत नाही. जोरकस ध्वनीपाशी तो वर्तुळांतील अंतर वाढवतो, तर लांबवलेल्या स्वरासाठी 'स्लायडर' योजतो.

वाचनीयता : वर्तुळ दिसू लागल्यापासून ते टिपण्यापर्यंतचा अवधी 'अप्रोच रेट' ५ असताना १२०० मिलिसेकंद, तर ९ असताना ६०० मिलिसेकंद असतो. अवधी वाढवला म्हणजे लेव्हल सोपी झाली, असे मात्र नाही. दाट रचनेत अधिक अवधीमुळे पडद्यावर वर्तुळांची गर्दी होते आणि क्रम ओळखणे कठीण जाते.

परीक्षण : स्वतःची रचना रचनाकारास पाठ असते, म्हणून तिचे काठिण्य त्याला नीट जाणवत नाही. यासाठी इतर खेळाडू ती तपासून सूचना देतात. या प्रक्रियेस 'मॉडिंग' म्हणतात. अधिकृत मानांकनासाठी किमान दोन नियुक्त परीक्षकांची शिफारसही आवश्यक असते.

समारोप : संगीतातूनच आलेले काठिण्य खेळाडू आनंदाने स्वीकारतो, संगीताशी संबंध नसलेले काठिण्य त्याला अन्यायकारक वाटते. खेळाडू जेथे चुकतो, तेथे अपेक्षित कृती त्याला गीतातून ऐकू येत होती काय, हा प्रश्न रचनाकाराने स्वतःस विचारावयास हवा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांसही हा प्रश्न अपरिचित नसावा.