पांच डॉलरांचा आकार

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां बँकेचें डेबिट कार्ड असतें. परंतु तें दुकानांत वापरलें असतां पैसा कोणकोणाच्या हातून जातो, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तें समजून घेण्यास अमेरिकेंत सन २०११ मध्यें घडलेलें एक प्रकरण फार उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

कार्डावर ४० डॉलरांचा माल घेतला, तर दुकानदाराच्या पदरीं पुरे ४० डॉलर पडत नाहींत. त्यांतून कांहीं सेंट कापले जातात, व त्या कपातीचा मोठा भाग, ज्या बँकेनें गिऱ्हाइकास कार्ड दिलें तिला मिळतो. यास इंटरचेंज फी म्हणतात. अमेरिकेंत ही फी दर खरेदीमागें सरासरी ४४ सेंट होती. दुकानदार ती मालाच्या किंमतींत धरूनच चालत. तेव्हां ज्याच्यापाशीं कार्ड नाहीं, असा रोख पैसे मोजणारा मनुष्यही तिचा थोडाबहुत भार सोशीत असे.

सन २०१० मध्यें तेथें बँकांच्या कारभाराविषयीं मोठा कायदा झाला. इलिनॉय संस्थानाचे सिनेटर डर्बिन यांच्या सूचनेवरून त्यांत या फीस मर्यादा घालण्यांत आली. १ ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांस एका खरेदीमागें २१ सेंट, किंमतीवर शेंकडा ०.०५ आणि फसवणूक टाळण्याच्या खर्चाबद्दल फार तर १ सेंट एवढेंच घेतां येऊं लागलें. ४० डॉलरांवर हे २४ सेंट होतात. म्हणजे बँकेस दर वेळीं २० सेंटांची तूट.

ही तूट भरून काढण्यासाठीं बँक ऑफ अमेरिका या बलाढ्य बँकेनें २९ सप्टेंबर रोजीं जाहीर केलें कीं, पुढील वर्षारंभापासून जो कोणी कार्डानें खरेदी करील त्याजकडून दरमहा ५ डॉलर घेतले जातील. यंत्रांतून रोकड काढणारास हा आकार नव्हता. बँकेंत मोठी शिल्लक ठेवणाऱ्या खातेदारांसही तो माफ होता.

येथें विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातीं घ्यावी. महिन्यांत २० वेळां ४० डॉलरांची खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकामागें बँकेचें नुकसान ४ डॉलर. दोनच वेळां करणारामागें ४० सेंट. दोघांनींही द्यावयाचे मात्र ५ डॉलरच! म्हणजे ज्याच्यामुळें नुकसान थोडें, त्याच्याच डोक्यावर ओझें जड. आणि ज्याच्या गांठीं पुष्कळ, तो मोकळा. आमच्या मतें लोकांच्या रोषांत जो न्याय होता तो येथें आहे.

रोष मात्र याहून मोठा होता. याच बँकेस सन २००८-०९ च्या आर्थिक संकटांत सरकारी खजिन्यांतून ४,५०० कोटी डॉलरांचें साहाय्य मिळालें होतें. तें तिनें २००९ सालींच परत केलें होतें खरें, पण लोक तें विसरले नव्हते. ज्यांच्या करांतून आपण तगलों, त्यांनाच स्वतःचे पैसे खर्चण्याबद्दल दंड, असें जो तो म्हणूं लागला. एका तरुण खातेदार स्त्रीनें काढलेल्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या. ५ नोव्हेंबरपर्यंत मोठ्या बँकांतील खातीं बंद करून तीं क्रेडिट युनियनमध्यें, म्हणजे आपल्याकडील पतपेढीसारख्या सभासदांच्या संस्थेंत, न्यावीं असेंही आवाहन निघालें. पुष्कळांनीं तसें केलेंही. ज्या इतर बँका असाच आकार घेऊन पाहत होत्या, त्यांनीं ऑक्टोबर सरतांना माघार घेतली; आणि १ नोव्हेंबर रोजीं बँक ऑफ अमेरिकेनेंही आपला बेत सोडला. एक पैही वसूल होण्यापूर्वीं!

तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. महिन्यास २० खरेद्या करणाऱ्याच्या कार्डामागें पूर्वीं ८ डॉलर ८० सेंट जातच होते. त्याबद्दल गिऱ्हाइकांनीं कधीं ब्र काढला नाहीं, कारण तें किंमतीच्या पोटांत दडलेलें होतें. ५ डॉलर उघडे होते, म्हणून डोळ्यांत खुपले. आणि पुढें काय झालें? अनेक बँकांनीं खातें राखण्याचा आकार वाढविला, किंवा तो माफ होण्यासाठीं लागणारी शिल्लक वाढविली. दुकानदारांची फी उतरली, पण बहुतेकांनीं मालाच्या किंमती कांहीं उतरविल्या नाहींत.

आपल्या देशांत १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यू. पी. आय. यांवर दुकानदाराकडून अशी फी घेण्याची मनाई आहे. कार्डाचें वार्षिक शुल्क मात्र पुष्कळ बँका घेतात. पालकांनीं पासबुक मुलांच्या हातीं देऊन ती ओळ शोधावयास सांगावी. तिच्यावर शेंकडा १८ प्रमाणें जी. एस. टी.ही लागतो, तोही त्यांनीं मांडून पाहावा.