हॉटेलातलं गाणं आणि कवीचा वाटा

हॉटेलात चहाची वाट पाहताना जुनं गाणं लागतं. गिऱ्हाईक रमतं, आणखी एक कटिंग मागवतं. म्हणजे गाण्यानं धंद्याला हातभार लावला. मालक म्हणेल, ‘अहो, सीडी रीतसर विकत घेतली आहे.’ खरं आहे. पण ते पैसे घरी ऐकण्याचे. गिऱ्हाइकांसाठी गाणं लावायचं, तर परवाना वेगळा.

याचं कारण असं, की एका गाण्यात तीन हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. लग्नाची वरात आणि धार्मिक विधी यांना मात्र कायद्यानं सूट दिली आहे.

पण परवान्याचे पैसे कवीपर्यंत पोचत होते का? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वेगळा करार नसेल तर चित्रपटगीताचा हक्क निर्मात्याचा. गीतकाराच्या हाती एकरकमी मानधन उरलं. २०१२ च्या दुरुस्तीनं हे बदललं. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं, तर गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधनात समान वाटा मिळतो. तो करारात लिहून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती.

मंडळी, हॉटेलवाला दुधाचं आणि विजेचं बिल भरतोच. परवान्याची पावती त्याच फाइलला लावली, तर एखाद्या म्हाताऱ्या गीतकाराच्या औषधांची सोय होईल.