वेड्या बाभळीचे शहाणपण

चेन्नईचे नाव तेव्हा मद्रास होते. १८७६ साली तिथल्या वनखात्यातील लेफ्टनंट कर्नल बेडोम या अधिकाऱ्याने महसूल खात्याकडे एका परदेशी झाडाचे बी मागितले. उजाड, कोरड्या मुलखात काहीतरी हिरवे उगवावे, हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे लागवड झाली. झाड रुजले आणि असे पसरले की आवरेना! तामिळनाडूत त्याला ‘सीमै करुवेलम’, म्हणजे विलायती बाभूळ म्हणतात. आपल्याकडे तिचे नाव वेडी बाभूळ.

शेळ्या-गुरे शेंगा खातात आणि लेंड्या-शेणातून बी गावभर पोचवतात. तळी, ओढे, पडीक शेते या बाभळीने व्यापली. २०१७ साली ती काढून टाकण्याचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयात गाजला. २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने अशा परक्या, आक्रमक वनस्पती हटवण्याचे धोरण आखले. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. रामनाथपुरमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात पाऊस दगा देतो तेव्हा कित्येक घरांची चूल याच बाभळीच्या कोळशावर पेटते. शिवाय ती नुसती तोडून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. मग तोडलेल्या लाकडाचे करायचे काय?

धुरातला शिरका

कोळशाची भट्टी लावताना लाकडे रचून त्यांवर पालापाचोळा आणि माती लिंपतात. आत हवा जेमतेम जाते, त्यामुळे लाकूड जळून राख न होता त्याचा कोळसा होतो. भट्टी कित्येक दिवस धुमसते. या खटाटोपात दोन वस्तू वाया जातात. एक म्हणजे धूर. दुसरी म्हणजे तळाशी उरणारा चुरा. बाजारात भाव मोठ्या तुकड्यांना, चुऱ्याला विचारतो कोण? गंमत अशी, की शेतीला हव्या आहेत नेमक्या याच दोन वस्तू.

भट्टीच्या धुराड्याला लांब, तिरपी नळी जोडली, की धूर थंड होऊन चहासारखे तांबूस पाणी ठिबकू लागते. हे ‘वूड व्हिनेगर’, म्हणजे लाकडाचा शिरका. जपानमध्ये त्याला ‘मोकुसाकु’ म्हणतात. त्यात बहुतांश पाणी, थोडे ॲसेटिक आम्ल आणि इतर अनेक द्रव्ये असतात. ते आंबट असल्याने नळी बांबूची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी, साधे लोखंड गंजते. गोळा झालेले पाणी निदान तीन महिने न हलवता ठेवावे लागते. वर तेलकट तवंग येतो, तळाशी डांबर बसते. कामाचा भाग फक्त मधला. डांबरात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असू शकतात, म्हणून हे निवळणे टाळून चालत नाही.

हा शिरका दोनशे ते पाचशे पट पाण्यात मिसळून फवारतात. त्याच्या वासाने काही किडी दूर राहतात आणि काही बुरशींना आळा बसतो, असा अनुभव आहे. पण ‘जास्त घातले की जास्त गुण’ हा हिशेब इथे उलटा पडतो. दाट शिरका तण जाळतो, तसाच पिकालाही जाळतो. आधी चार रोपांवर फवारून पाहावे, मगच शेतात जावे. हातमोजे आणि चष्मा विसरू नये.

कोळशाचे घर

आता चुऱ्याकडे वळू. मातीत घालायच्या कोळशाला ‘बायोचार’ म्हणतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील प्राचीन वस्त्यांच्या जागी आजही काळी, कसदार माती सापडते. तिचे एक रहस्य कोळसाच आहे. शेणखत काही वर्षांत कुजून संपते, पण कोळसा मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्ये धरली जातात, जिवाणूंना घर मिळते.

मात्र घर रिकामे असेल तर? कोरा कोळसा मातीतले नत्र स्वतःच ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. म्हणून चुरा दोन-तीन आठवडे शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवावा, मगच मातीत मिसळावा. बायोचार म्हणजे खत नव्हे, खत साठवणारी कोठी!

प्रत्येक जमिनीला तो मानवतो असेही नाही. तो बहुधा अल्कधर्मी असतो. त्यामुळे कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला किंवा रेताड जमिनीला उपयोग अधिक. चुनखडीच्या, खारवट जमिनीत मात्र मातीपरीक्षण केल्याशिवाय घालू नये.

आपल्याकडचा धडा

ही विद्या महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणारा कोकणी शेतकरी मातीला आगीचा संस्कार देतच आला आहे. पण राब बहुतेक राख होऊन उडतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करणारी भट्टी विकसित केली. तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, पण शेतात काडी लावून उडवले जाणारे पाचट ही संपत्ती आहे, हे त्यातून पटले. पाचट आच्छादन म्हणून शेतातच ठेवता आले तर उत्तमच. जिथे ते पेटवलेच जाते, तिथे त्याचा कोळसा करावा.

घरच्या बागेसाठी भट्टीही नको. पसरट तोंडाच्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या खड्ड्यात वाळक्या काटक्या वरून पेटवायच्या. त्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचे. धूर कमी होतो, कोळसा हाती येतो. त्यात शिरका मिळत नाही, एवढेच. मुरवलेला चुरा कुंडीच्या मातीत दहावा हिस्सा पुरे.

एक गोष्ट मात्र मनावर घ्यायला हवी. आपल्या रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन दूरच्या कोळसा भट्ट्यांवर जातात. तो धूर त्यांच्या पोराबाळांच्या छातीत जातो. धूर अडवणारी नळी शेतकऱ्याला शिरका देईल, तशी भट्टीवरच्या माणसाला थोडी स्वच्छ हवाही देईल. आणि बायोचारला भाव येतोय म्हणून कुणी चांगल्या झाडावर कुऱ्हाड चालवली, तर सगळेच मुसळ केरात! वेडी बाभूळ, पाचट, काटक्या, म्हणजे एरवी पेटवून द्यायचे तेवढेच भट्टीत जावे. दीडशे वर्षांपूर्वी चांगल्या हेतूने आणलेले बी हाच धडा शिकवते. उपाय कितीही गुणाचा असो, त्याला आवर हवाच.