१३७ सेंटिमीटरच्या खाली

त्रिफळा चूर्णाच्या एका डबीवर ‘जंगलाला धक्का न लावता गोळा केलेले’ असं छापलेलं होतं. धक्का लागला नाही हे कोणी मोजलं आणि कसं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून एप्रिलअखेरीस, बाळहिरड्याच्या तोडणीच्या तोंडावर, त्रिफळ्यातल्या हिरड्याची मोजणी करणाऱ्यांबरोबर भीमाशंकरच्या बाजूचा डोंगर चढले.

बरोबर वनस्पतिशास्त्र शिकलेले दोन तरुण होते आणि जवळच्या वाडीतल्या महादेव कोळी समाजातल्या एक मावशी. मावशींचं आयुष्य हिरडा झोडण्यात, वाळवण्यात गेलेलं. त्यांच्या बोटांच्या पेरांवर काळे डाग होते. हिरड्याच्या तुरट रसाचा लोखंडाशी संबंध आला की तो काळा पडतो. पूर्वी याच मेळातून शाई करत. कोयता धरून धरून ती शाई मावशींच्या कातडीत मुरली होती.

मोजणी तशी सरळ. दोरी लावून वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखायचा, म्हणजे हेक्टरचा पंचविसावा भाग. त्यातल्या प्रत्येक हिरड्याच्या खोडाचा घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर घ्यायचा. आपल्याकडे झाडं मोजायची ही ठरलेली उंची, साधारण छातीएवढी. उतारावर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. एका तरुणाच्या काठीवर १३७ ला लाल रंगाची खूण होती. तो काठी खोडाला लावी, दुसरा टेप गुंडाळी आणि आकडा वहीत जाई. मग काही फांद्यांवरची फळं मोजून झाडाचा अंदाज, त्यावरून हेक्टरी उत्पन्न, त्यातून बियांचा आणि जनावरांचा वाटा वजा. उरेल तेवढीच तोडणीची मर्यादा.

मावशी मात्र १३७ च्या वर बघतच नव्हत्या. त्या उकिडव्या बसून पाचोळा बाजूला सारत होत्या. मोठ्या चौकोनाच्या आत रोपांसाठी आखलेले छोटे चौकोन त्यांच्याकडे होते. करवंदाची रोपं दिसली, रानमोडीही दिसली. हिरड्याचं रोप नाही. “लिहा, काय न्हाई,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या चौकोनाकडे सरकल्या. तिथेही तेच.

खरी गोम इथेच आहे. जंगलातल्या कुठल्याही झाडाचं घराणं नांदतं असेल, तर रोपं सर्वांत जास्त, कोवळी झाडं त्याहून कमी आणि थोराड झाडं सर्वांत कमी दिसतात. वहीत नुसते जाड घेरच उतरू लागले, की तोडणी आज कितीही भरघोस असली तरी ती आजोबांच्या जिवावर चाललेली असते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातले कितीतरी हिरडे पडले. पडलेल्यांच्या जागी उभं राहायला खाली कोणी हवं ना?

रोपं नसण्याची कारणं अनेक. वणवा आहे, चराई आहे, शिवाय हिरड्याची बी कठीण कवचाची, मुळात सावकाश रुजणारी. पण मोठं कारण बाजारात आहे. बाळहिरडा म्हणजे बी धरण्याआधीच तोडलेलं कोवळं फळ. आपण सगळ्यांनी सहाणेवर उगाळून गुटीत चाटलेलं ते हेच. पिकलेल्या मोठ्या हिरड्यापेक्षा त्याला कित्येक पट भाव मिळतो. मग झाडावर फळ पिकेपर्यंत थांबणार कोण?

“बांधावरचा हिरडा माजा हाय, त्याला थांबता येतं,” मावशी म्हणाल्या. “रानातला म्या ठेवला तर उद्या दुसरा झोडून नेतो. मंग म्या थांबून काय मिळवलं?” सगळा हिशेब त्यांनी तीन वाक्यांत मांडला. ‘गोळा करणाऱ्यांचा अतिरेक’ असं ऐटीत लिहिणाऱ्या अहवालांनी हा हिशेब आधी खोडून दाखवावा.

वेगळं काही होऊ शकतं, याचा दाखला सह्याद्रीतच आहे. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने उत्तर सह्याद्रीत हिरडा-बेहड्याची अशी मोजणी करून ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तोडणी बसवली. धनेश ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत घरटं करतो, त्या झाडांचं राखणंही या कामात आलं. हे जमतं, कारण फळ नियमाने काढणाऱ्याला जास्त दाम देणारा खरेदीदार समोर असतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनवासींना दिली आणि सामूहिक वनाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आलं. तोडणी कोणत्या तारखेला सुरू करायची, कोणती झाडं बियांसाठी सोडायची, हे गावाने मिळून ठरवलं तर ‘दुसरा झोडून नेतो’ ही भीती उरत नाही. पण बियांसाठी सोडलेल्या झाडाचा पिकलेला हिरडा आज मातीमोल जातो. त्याला रास्त हमीभाव मिळत नाही आणि तो वेळेवर उचलला जात नाही, तोवर १३७ वर घेतलेले सगळे घेर वहीतच राहतील. तेव्हा डबीवर ‘शाश्वत’ छापणाऱ्या प्रत्येक कंपनीला ग्राहकांनी एवढंच विचारावं: पिकलेल्या हिरड्याला तुम्ही किलोमागे किती देता?