जुळी आहेत, म्हणून सिझेरियनच का?

रक्तदाब तपासून झाला की काकू सहसा लगेच उठतात. त्या दिवशी उठल्या नाहीत. पिशवीतून एक फाइल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. लेकीच्या सोनोग्राफीचा अहवाल होता. बारावा आठवडा, दोन बाळे. "डॉक्टर, जुळी म्हणजे पोट फाडावेच लागणार ना?" त्यांनी विचारले. बाहेर रुग्ण ताटकळत होते. मी फाइल वरवर चाळली आणि म्हणालो, "हो, हल्ली जुळ्यांना सिझेरियनच करतात."

वाचकहो, माझे हे उत्तर चुकीचे होते. मुलुंड पूर्वेला २८ वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने ते दिले, म्हणून ते खरे ठरत नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. आजूबाजूला जे घडताना दिसत होते, तेच मी शास्त्र म्हणून सांगून टाकले. काकूंना मात्र नेमके तेच ऐकायचे होते. त्यांच्या आईला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी, सुईणीच्या हातून जुळी झाली होती. पहिला मुलगा सुखरूप जन्मला. दुसरे मूल पोटात आडवे राहिले, कळा मंदावल्या, आणि पहाटे ते मृत जन्मले. काकू तेव्हा सहा वर्षांच्या होत्या; ओटीवर बसून त्यांनी ती रात्र काढली होती. माझ्या उत्तराने त्यांच्या त्या भीतीवर डॉक्टरचा शिक्का बसला. लेकीला नैसर्गिक प्रसूती हवी होती. मायलेकी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी लेकीनेच मला फोन केला, "काका, तुम्ही आईला असे का सांगितलेत?"

मग मी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला. तो स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि मोठ्या रुग्णालयात काम करतो. त्याने मला जे समजावले आणि त्यानंतर मी जे वाचले, ते आपल्यापुढे मांडतो आहे. कारण घरात जुळी येणार म्हटले की निर्णयाची सूत्रे अनेकदा आजी-आजोबांकडे येतात, आणि आपल्या मनात एकतर जुन्या बाळंतपणांच्या आठवणी असतात, नाहीतर शेजारच्या इमारतीतले ताजे उदाहरण.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की गर्भाशयाच्या तोंडाजवळचे, म्हणजे पहिले येणारे बाळ कसे आहे? त्याचे डोके खाली असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार रास्त ठरतो. ढोबळमानाने दहांपैकी आठ जुळ्या गर्भारपणांत प्रसूतीच्या सुमारास पहिल्याचे डोके खालीच असते. दुसरे बाळ तेव्हा डोक्याने, पायांनी किंवा आडवे, कसेही असू शकते. पहिले बाळच पायाळू किंवा आडवे असेल, तर सिझेरियन हाच सर्वमान्य मार्ग आहे आणि त्यावर घरात वाद घालू नये.

या विषयावरचा एक मोठा तौलनिक अभ्यास ऑक्टोबर २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनडातील डॉक्टरांच्या पुढाकाराने २५ देशांतील सुमारे २,८०० गर्भवतींना त्यात सहभागी करून घेतले होते. सर्वांचे पहिले बाळ डोक्याने येणारे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटासाठी सिझेरियन ठरवले, दुसऱ्यासाठी नैसर्गिक प्रसूती. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण सिझेरियनच्या गटात २.२ टक्के, तर नैसर्गिक प्रसूतीच्या गटात १.९ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नव्हेच. थोडक्यात, जुळ्यांना वाचवण्यासाठी सरसकट पोट उघडण्याने काही अधिक साधले नाही.

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण उत्साही तरुण मंडळी तो गाळून सांगतात. ज्यांची नैसर्गिक प्रसूती ठरली होती, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांना अखेर सिझेरियन करावेच लागले. त्यांतल्या थोड्या, शंभरात चार, अशा होत्या की पहिले बाळ नैसर्गिकरीत्या आले आणि दुसऱ्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. फ्रान्समध्ये, जिथे जुळ्यांच्या नैसर्गिक प्रसूतीची परंपरा टिकून आहे, तिथल्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चित्र वेगळे दिसले. तिथे नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रियांची दोन्ही बाळे नैसर्गिकरीत्या जन्मली. माझ्या मते या तफावतीचे एक मोठे कारण म्हणजे सरावलेले हात.

ते हात कुठे गेले, हे समजण्यासाठी दुसऱ्या बाळाच्या जन्माकडे पाहायला हवे. पहिले बाळ बाहेर आले की गर्भाशयात एकदम जागा होते. दुसरे बाळ त्या जागेत फिरू शकते. म्हणून त्या क्षणी एक डॉक्टर पोटावर हात ठेवून त्याला उभे धरतो, सोनोग्राफीचे यंत्र बाजूलाच असते, आणि दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके सतत ऐकले जातात. कळा बहुधा ओसरतात. मग सलाइनमधून औषध देऊन त्या परत आणतात. बाळ आडवे असेल, तर अनुभवी डॉक्टर आत हात घालून त्याचे पाय पकडतात आणि त्याला पायांनी बाहेर आणतात. काकूंच्या आईच्या वेळी नेमके हेच करणारे कोणी नव्हते. दुसऱ्या बाळाला धोका पहिल्यापेक्षा किंचित जास्त असतो, हे खरे आहे. मात्र सिझेरियन केल्यानेही तो फरक पूर्णपणे नाहीसा होत नाही.

ही पायाळू बाळ सोडवण्याची कला आता दुर्मीळ होत चालली आहे. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटात एकच बाळ असून ते पायाळू असेल, तर सिझेरियन अधिक सुरक्षित, असे त्यात दिसले. त्यानंतर जगभर पायाळू बाळांच्या नैसर्गिक प्रसूती जवळजवळ बंद झाल्या. तो अभ्यास जुळ्यांतल्या दुसऱ्या बाळाविषयी नव्हता. परंतु पायाळू बाळे सोडवायला न मिळाल्याने नव्या पिढीच्या डॉक्टरांचा हात बसेना. पन्नाशी-साठीतले डॉक्टर निवृत्त होतील तशी ही विद्या अजून आटेल.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. अंधेरी असो, बोरिवली असो वा घाटकोपर. रहिवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे आठ-दहा खाटांचे प्रसूतिगृह आपल्या परिचयाचे असते. डॉक्टर एकटे किंवा पती-पत्नी. भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतात, बालरोगतज्ज्ञ तसेच. रक्त बाहेरून आणायचे. अशा ठिकाणी रात्री दोन वाजता दुसरे बाळ आडवे झाले, तर त्या डॉक्टरने काय करावे? भूलतज्ज्ञ ठाण्याहून निघालेले, बाहेर पाऊस. सिझेरियन मात्र मंगळवारी सकाळी दहाला ठरवता येते. सगळे हजर, रक्ताची सोय झालेली. म्हणून "पैशांसाठी कापतात" हा आरोप मी सरसकट करणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एवढ्या अंतराला पैसा अजिबात कारण नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही. पण जुळ्यांच्या बाबतीत एकट्या डॉक्टरची भीतीही तितकीच खरी असते, आणि आपल्या मर्यादा ओळखून सिझेरियन करणारा डॉक्टर प्रामाणिकच म्हणावा लागेल.

याचा अर्थ असा, की नैसर्गिक प्रसूती हवी असेल तर आधी जागा योग्य निवडावी लागते. जिथे चोवीस तास डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ इमारतीतच आहेत, शस्त्रक्रियागृह लगतच आहे, रक्तपेढी आहे आणि नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांची सोय होऊ शकते, अशी जागा. शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि १९२६ सालापासूनचे वाडिया प्रसूती रुग्णालय अशा मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत निवासी डॉक्टर रात्रंदिवस असतात. काही मोठी खासगी रुग्णालयेही सुसज्ज आहेत. नाव कोणतेही असो, लेकीबरोबर जाऊन समोरासमोर विचारा, की गेल्या वर्षभरात जुळ्यांच्या किती प्रसूती इथे नैसर्गिकरीत्या झाल्या, आणि रविवारी मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर कोण हजर असेल. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. पाठीतून देण्याची वेदनाशामक भूल मिळते का, हेही विचारावे. जुळ्यांच्या प्रसूतीत ती केवळ आरामासाठी नसते. दुसऱ्या बाळासाठी तातडीने काही करावे लागले, तर तिचा मोठा उपयोग होतो.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट शोधा. बाळांची वार एक की दोन, आणि पाण्याची पिशवी एक की दोन. अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सर्वांत स्पष्ट कळते. नंतर ओळखणे अवघड होते. दोन्ही बाळे एकाच पिशवीत असतील, तर नाळा एकमेकींत गुंततात. तिथे मुदतीच्या बरेच आधी, ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, सिझेरियन करतात. हे क्वचित घडते. वार एक पण पिशव्या दोन असतील, तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते, कारण एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो. सारे सुरळीत असेल, तर इथेही नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. वारा दोन असतील तर साधारण ३७–३८ आठवड्यांपर्यंत थांबतात, वार एक असेल तर ३६–३७. आधीचे सिझेरियन, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, दुसरे बाळ पहिल्याहून बरेच मोठे असणे, अशी आणखी कारणे आहेत, ज्यांचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच करावा.

आणि मुहूर्त! ज्योतिषाने काढून दिलेल्या दिवसासाठी आठवडाभर आधी सिझेरियन करून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. जुळी आधीच लहान असतात. फुप्फुसे पिकायला लागणारे दिवस ग्रहांसाठी कापून टाकू नयेत, एवढेच म्हणतो.

काकूंच्या लेकीचे सगळे अहवाल अनुकूल होते. वारा दोन, पहिले बाळ डोक्याने. फक्त हिमोग्लोबिन कमी होते. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असतो आणि जुळ्यांमुळे ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकुंचन पावले नाही, तर रक्तस्राव जास्त होतो. लोहाच्या गोळ्या रोज वेळेवर देण्याचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले. मायलेकींमध्ये पुन्हा बोलणे सुरू झाले, ते बहुधा या गोळ्यांवरूनच. त्यांनी घराजवळचे प्रसूतिगृह सोडून मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवले. काकूंना ते मनापासून पटले नव्हते. त्या मला तसे म्हणाल्याही. मी त्यांना माझे पहिले उत्तर चुकले होते, हे सांगितले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "या वेळी हात घालणारा डॉक्टर असेल ना?"

सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर कळा सुरू झाल्या. पहाटे मुलगी झाली, डोक्याने. दुसरा मुलगा आडवा झाला. डॉक्टरांनी पाय धरून त्याला बाहेर काढले. मध्ये १४ मिनिटे गेली. काकू बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

त्याच वर्षी माझ्या दुसऱ्या एका रुग्णाच्या सुनेलाही जुळी झाली. पहिले बाळ पायाळू होते, म्हणून सिझेरियन झाले आणि तेच योग्य होते. तरी सासूबाई आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "आमच्या वेळी नव्हते बाई असले काही." त्या मुलीने दोन बाळांना पाजत, टाके सांभाळत ते ऐकले. आपल्यापैकी कोणी असे बोलत असेल, तर कृपा करून थांबा.

बाळंतीण घरी आली की रक्तस्रावाकडे लक्ष असू द्या. "घाण जाते आहे, जाऊ दे," असे म्हणून दुर्लक्ष करू नका. तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, मोठ्या गाठी पडल्या, भोवळ आली किंवा ताप चढला, तर थेट रुग्णालय गाठा.

काकू गेल्या महिन्यात आल्या, त्या कमरेला हात लावून. दोन्ही नातवंडांना एकदम उचलायला गेल्या आणि उसण भरली. मी मलम लिहून दिले. चिठ्ठी पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "आता काय, घरातच पायाळू आहे. चालायला लागला की त्याच्याकडूनच लाथ मारून घेईन."